शेवटचं वाक्य आणि पहिला सूर



ज्या मास्तरांच्या स्मृतीसाठी आपण दर वर्षी इथं सांगलीत जमतो, त्यांची पायपेटी उचलणाऱ्या पोरांपैकी मी एक. नाटकाचा ट्रक गावात आला की सगळ्यांत आधी उतरायचा तो त्यांचा ऑर्गन. त्याला चार पोरं लागायची. मास्तर पेटीवर एक हात ठेवून बाजूनं चालत, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांभाळून न्यावं तसे.

खेळ सुरू झाला की मी त्यांच्या खुर्चीमागं बसत असे. पद अजून चार-पाच वाक्यं लांब असायचं आणि मास्तरांचे पाय भात्यावर हलायला लागायचे. षड्ज इतका हळू धरायचे की समोरच्या प्रेक्षकाला तो कळायचाही नाही. एकदा मी विचारलं, पदाला अजून वेळ आहे, मग आत्ताच सूर कशाला? ते म्हणाले, नट बोलतोय ना, त्याला सूर आत्ता लागतो. पद सुरू झाल्यावर देऊन उपयोग काय?

त्या रात्रीपासून मी संगीत नाटक वेगळ्या कानानं ऐकू लागलो. चांगला नट संवादाचं शेवटचं वाक्य बोलता बोलता त्या षड्जाकडे सरकतो. शेवटचं अक्षर जवळजवळ सुरातच पडतं. पद सुरू झालं हे आपल्याला क्षणभर उशिरा कळतं. ज्याला हे साधतं त्याला मी गायक-नट म्हणतो. दोन कला अंगी असणारी माणसं पुष्कळ असतात. हल्ली एखाद्या अभिनेत्यानं सिनेमात स्वतःच्या आवाजात गाणं म्हटलं की त्याची बातमी होते, पुढं त्याचे गाण्याचे कार्यक्रमही सुरू होतात. त्यात वाईट काही नाही. पण आज मला बोलायचंय ते बोलणं जिथं गाणं होतं त्या जागेबद्दल.

या गोष्टीची सुरुवात याच शहरात झाली, आणि ती उलट बाजूनं झाली. 5 नोव्हेंबर 1843 ला विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं. त्या नाटकात पदं कोण म्हणत होतं? सूत्रधार. तो गायचा, कथा पुढं न्यायचा, आणि पात्रं त्याच्या गाण्यावर हावभाव करून मग आपले संवाद आयत्या वेळी जुळवून बोलायची. म्हणजे चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा. ज्याला आपण पार्श्वगायन म्हणतो आणि सिनेमाची देणगी समजतो, ते सांगलीच्या रंगमंचावर सिनेमाच्या पुष्कळ आधी होतं.

मग आले अण्णासाहेब किर्लोस्कर. पुण्यात पारशी मंडळींचा ‘इंद्रसभा’चा खेळ त्यांनी पाहिला आणि मराठीत असं का होऊ नये हे त्यांच्या मनानं घेतलं. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं. अण्णासाहेबांनी मराठी रंगभूमीवर संगीत आणलं असं आपण म्हणतो, पण संगीत आधीच होतं. अण्णासाहेबांनी ते सूत्रधाराच्या गळ्यातून काढून पात्राच्या गळ्यात घातलं. दुष्यंत आता स्वतः गाऊ लागला, शकुंतला स्वतः गाऊ लागली. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत हे सगळे घराघरांत, कीर्तनात रुळलेले छंद. ऐकणाऱ्याला चाल नवी वाटत नव्हती. नवं होतं ते एवढंच, की ज्याला दुःख झालं तोच गातोय.

असं नाटक लिहिणं एकवेळ सोपं, पण ते उभं करायला माणसं कुठून आणायची? रूप हवं, वाणी हवी, गळा हवा, आणि तो गळा अख्खी रात्र टिकला पाहिजे. तेव्हा ध्वनिवर्धक नव्हता. कंदिलांच्या उजेडात शेवटच्या ओळीपर्यंत शब्द पोचवायचा तो छातीच्या बळावर. म्हणून आवाज उंच पट्टीतला लागे, आणि स्त्री-भूमिका पुरुष करत असल्यानं तर तो आणखी उंच लागे. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर अण्णासाहेबांना मिळाले. बडोद्याहून त्यांनी भाऊराव कोल्हटकरांना आणलं. शकुंतला आधी शंकरराव मुजुमदार करत असत, भाऊराव आल्यावर ती त्यांच्याकडे गेली. महाराष्ट्र त्यांना लाडानं भावड्या म्हणू लागला. त्यांचा आवाज आज कुणाजवळ नाही. 1901 साली ते गेले, वय अडतिसाच्या आतबाहेर. उरल्या त्या ऐकणाऱ्यांच्या आठवणी, आणि त्या सगळ्या आवाजाच्या तेजाबद्दल आहेत.

बालगंधर्वांबद्दल मात्र सावकाश बोललं पाहिजे. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म 26 जून 1888, गाव नागठाणे, इथून जवळच. 1905 साली ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि मिरजेत शकुंतला म्हणून उभे राहिले. पुढं भास्करबुवा बखल्यांची तालीम मिळाली. 1911 मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘मानापमान’ आलं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. टेंबे स्वतः हार्मोनियमचे जाणकार. त्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचा नखरा मराठी पदात आणला. 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. 1916 मध्ये ‘स्वयंवर’ झालं, आणि त्याला चाली साक्षात भास्करबुवांच्या.

‘स्वयंवर’मध्ये रुक्मिणीचं यमनातलं एक पद आहे. कितीतरी मोठ्या गवयांनी ते मैफलीत गायलंय आणि यमन म्हणून फार सुंदर गायलंय. बालगंधर्वांची तबकडी ऐकली की वेगळंच जाणवतं. यमन मांडण्याची त्यांना घाई नाही. रुक्मिणीला काहीतरी सांगायचंय, ते सांगताना तिला यमन सुचतोय, असं वाटतं. ते शब्द मोडत नाहीत. जिथं बोलताना माणूस थांबेल तिथंच त्यांचा श्वास संपतो. हरकत येते ती शब्दावरून घसरल्यासारखी, मुद्दाम ठेवल्यासारखी नाही. मोठा शास्त्रीय गवई होण्याइतकं त्यांचं गाणं होतं की नाही, यावर जुन्या लोकांत वाद व्हायचे. मला तो वादच चुकीचा वाटतो. मैफलीच्या मापानं ते मोजायचे नाहीत. एका बाईचं बोलणं किती हळुवारपणे गाणं होऊ शकतं, हे ज्या मापानं मोजता येईल त्या मापानं त्यांना मोजायचं, आणि त्या मापानं त्यांच्या शेजारी मला कुणी दिसत नाही.

याच बालगंधर्वांनी 1919 मध्ये ‘एकच प्याला’मधली सिंधू केली. नाटकाचे लेखक राम गणेश गडकरी त्याआधीच, त्या वर्षीच्या जानेवारीत गेले होते. नाटकातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेला हा नट तिथं ठिगळं लावलेल्या लुगड्यात उभा राहिला. दारुड्या नवऱ्याच्या घरात, दळणाच्या जात्यापाशी ती बाई गाते, आणि ते गाणं गरिबाच्या घरात शोभेल एवढंच राहतं. असा आवर वैभवात राहिलेल्या गळ्यानं घालणं फार अवघड. सिंधूला मी रुक्मिणीच्याही वर ठेवतो.

गंधर्व मंडळीची साथसंगत ऐकली तर आजही विश्वास बसत नाही. तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष. ज्या थिरकवाँसाहेबांचा स्वतंत्र तबला ऐकायला लोक जीव टाकत, ते इथं नटाच्या श्वासाकडे बघत ठेका धरायचे.

केशवराव भोसले अगदी दुसऱ्या टोकाचे. कोल्हापूरचे, 1890 चा जन्म. लहानपणी ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेनं त्यांनी नाव मिळवलं आणि 1908 साली हुबळीत ललितकलादर्श ही मंडळी काढली. आवाज धारदार, चढा, टोकदार. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झालं, भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव. त्या रात्रीची वर्णनं वाचताना एक चुकतं असं मला नेहमी वाटतं. सगळे दोन गळ्यांचा सामना म्हणून लिहितात, कोण जिंकलं ते सांगतात. पण भामिनी आणि धैर्यधर समोरासमोर उभे होते, एकमेकांशी बोलत होते. त्यांच्या प्रवेशांचं काय झालं, ते कुणी सांगत नाही. तीन महिन्यांत, 4 ऑक्टोबरला केशवराव गेले. एकतीस वर्षांचं आयुष्य.

आणि मास्टर दीनानाथ. गोव्यातल्या मंगेशीचे, 1900 सालचा जन्म. 1918 मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. त्यांच्या मुलांचं बालपण याच सांगलीत गेलं, हे इथं मी सांगायला नको. दीनानाथांची तान विजेसारखी होती. ती कुठून निघाली आणि कुठं उतरली ते कळेपर्यंत समही येऊन जायची. जुनी पदंही त्यांनी आपल्या चालीत, आपल्या अंगानं म्हटली. खरं सांगायचं तर त्यांच्या तबकड्या ऐकताना कधीकधी पात्र माझ्या डोळ्यांसमोरून जातं आणि फक्त दीनानाथ उरतात. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मी हा दोष म्हणेन. त्यांच्या बाबतीत म्हणवत नाही, कारण ‘रणदुंदुभि’तल्या तेजस्विनीसारख्या भूमिकेला तसाच पेटता आवाज हवा होता.

तबकड्यांचा उल्लेख वारंवार येतोय, कारण नटाला गायक म्हणून वेगळं पोटपाणी तबकडीनं मिळवून दिलं. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. त्यात संवाद कसा मावणार? नाटकातलं पद एकटंच काढलं गेलं, तीन मिनिटांत बसवलं गेलं आणि ज्या घरात नाटक कधी पोचलं नव्हतं तिथं पोचलं. त्यातून नाट्यसंगीत हा स्वतंत्र प्रकार झाला, मैफलीत भैरवीच्या आधी फर्माईश होऊ लागली. हिराबाई बडोदेकरांसारख्या थोर गायिका मैफलीतून रंगभूमीवर आल्या, स्वतःची मंडळी काढली आणि नाट्यपदं पुन्हा मैफलीत घेऊन गेल्या. आपलं संगीत त्यामुळं श्रीमंत झालं. पण पदाचा संवादाशी असलेला सांधा तिथंच पहिल्यांदा उसवला.

वन्समोअरनंही तेच केलं. एखाद्या पदाला तीन-तीन वन्समोअर, नाटक पहाटेपर्यंत लांबायचं, आणि लोकांना त्याचा अभिमान. मी लहान असताना टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो. आता वाटतं, दुसऱ्यांदा म्हटलेलं पद पात्र म्हणत नाही, गवई म्हणतो. पात्राचं बोलून झालेलं असतं. बालगंधर्वांच्या उतारवयात याचं फार वाईट वाटतं. वय झालं, देह साथ देईना, तरी त्या स्त्री-भूमिका सुटल्या नाहीत, आणि प्रेक्षक नाटकाला न येता आवाजाला येऊ लागले.

1931 मध्ये बोलपट आला. सुरुवातीला सिनेमानं गायक-नटाला डोक्यावर घेतलं, कारण जो दिसतो त्यानंच कॅमेऱ्यासमोर गायचं अशी तांत्रिक सक्तीच होती. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले, दुर्गाबाई खोटे तारामती, आणि दोघं स्वतः गायले. ‘संत तुकाराम’चे विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्री-भूमिका करून आलेले. त्यांचा तुकोबा गाताना आपण अभिनय बघतोय की भजन ऐकतोय, हे ठरवता येत नाही. आणि शांता आपटे. त्या काळी पडद्यावर गाताना माणसं फोटोला बसल्यासारखी ताठ उभी राहत. शांताबाईंनी गाताना मान, हात, डोळे सगळं मोकळं सोडलं. ‘कुंकू’, 1937. संगीत केशवराव भोळ्यांचं. जरठ-कुमारी विवाहाला नकार देणारी ती मुलगी बोलते त्याच तडफेनं गाते. गायक-नट या कलेचा सिनेमातला सर्वोच्च बिंदू मला विचाराल तर तो ‘कुंकू’त आहे.

पण तंत्रानं दार उघडलं होतं. 1935 मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं ‘धूप छाँव’मध्ये गाणं आधी वेगळं मुद्रित केलं आणि मग त्यावर चित्रीकरण केलं. त्याच न्यू थिएटर्सचे कुंदनलाल सैगल 1947 पर्यंत गायक-नट म्हणून राज्य करत राहिले. तोवर वारा फिरला होता. सूत्रधार परत आला होता, फक्त आता तो दिसत नव्हता.

लता मंगेशकर हा या वाटेवरचा मैलाचा दगड आहे. वडील दीनानाथांच्या कंपनीत बालवयात ‘सौभद्र’मधला नारद त्यांनी केला. 1942 मध्ये दीनानाथ गेले, घर चालवायला त्या मास्टर विनायकांच्या चित्रपटांत छोट्या भूमिका करू लागल्या. तोंडाला रंग लावणं, त्या दिव्यांसमोर उभं राहणं मनापासून आवडलं नाही, हे त्यांनीच सांगितलं आहे. गायला वेगळी वाट मिळताच त्यांनी अभिनय सोडला. गायक-नटाच्या घराण्यात जन्मलेली मुलगी पार्श्वगायनाची सम्राज्ञी झाली. पण त्यांनी अभिनय खरंच सोडला का? त्यांच्या गाण्यात शब्द असा पडतो की पडद्यावरच्या नटीला अर्धं काम आयतं मिळतं. तो संस्कार बळवंत मंडळीच्या तालमींतून आला, असं मी मानतो.

इकडं रंगभूमीवर ज्योत्स्नाबाई भोळ्यांनी 1942 च्या ‘कुलवधू’त आधुनिक घरातल्या बाईला गाणं दिलं. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी 1949 पासून मराठी रंगभूमी ही संस्था चालवली, जुनी नाटकं जिवंत ठेवली, आणि कीर्ती शिलेदारांनी 2022 पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत तो वसा सोडला नाही. छोटा गंधर्व, रामदास कामत, प्रत्येकावर वेगळं व्याख्यान होईल.

मला वेळ हवाय तो 1967 च्या ‘कट्यार काळजात घुसली’साठी. नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेची. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले झाले डॉ. वसंतराव देशपांडे. वसंतरावांनी लहानपणी ‘कालियामर्दन’मध्ये कृष्णाचं काम केलेलं, पण त्यांची उमेदीची वर्षं लष्करी हिशेब खात्यात नोकरी करण्यात गेली. गाणं कुठल्याच एका घराण्यात न बसणारं, म्हणून घराण्यांचे पहारेकरी त्यांना आत घ्यायला तयार नसत. आणि भूमिका कोणती मिळाली? घराण्याच्या अभिमानानं जळणाऱ्या, आपली विद्या दुसऱ्याला ऐकूही न देणाऱ्या गवयाची. ज्या भिंतीशी आयुष्यभर डोकं आपटलं, त्या भिंतीचाच आवाज त्यांना व्हायचं होतं. खाँसाहेब चिडून बोलता बोलता गायला लागतात तेव्हा ती तान त्या रागाचंच पुढचं वाक्य असते. भाव्यांच्या शहरात उभा राहून मी म्हणतो, 1880 मध्ये अण्णासाहेबांनी जे मागितलं होतं ते पुरेपूर मिळालं ते इथं.

2015 मध्ये सुबोध भाव्यांनी ‘कट्यार’चा चित्रपट केला. खाँसाहेब सचिन पिळगांवकर, गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. तरुण गायक सदाशिव स्वतः भावे, गळा महेश काळे यांचा. खाँसाहेबांच्या स्पर्धेतल्या पंडितजींचं काम मात्र शंकर महादेवन यांनी केलं आणि गायलेही तेच. त्याआधी 2011 च्या ‘बालगंधर्व’मध्ये चेहरा भाव्यांचा आणि आवाज आनंद भाट्यांचा होता. दोन्ही चित्रपटांनी तरुणांना नाट्यसंगीताकडे आणलं, भाटे आणि काळे यांना त्या गाण्यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, आणि मी दोन्ही चित्रपटांचा ऋणी आहे. तरीही बालगंधर्वांचं चरित्र सांगायला दोन माणसं लागली, ही गोष्ट मला टोचत राहते. अभिनय कसदार आहे, गाणं अप्रतिम आहे. मास्तर ज्या क्षणाला भाता दाबायचे तो क्षण तेवढा तिथं नाही. तो असू शकत नाही.

आता वर्तमानाबद्दल. नाट्यपदांच्या स्पर्धांना मी परीक्षक म्हणून जातो. मुलं-मुली इतकी तयार असतात की थक्क व्हायला होतं. तान स्वच्छ, सूर पक्का. मी एकच प्रश्न विचारतो, हे पद तू कुणाला उद्देशून म्हणतेस? दहातल्या नऊ जणी गोंधळतात. राग सांगतात, ताल सांगतात, संगीतकाराचं नाव सांगतात. समोर सखी आहे की नवरा, की ती बाई एकटीच आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. दोष मुलांचा नाही. दुसऱ्या बाजूला नाट्यशिक्षणाच्या वर्गांत स्वरसाधना आठवड्यातून एखादा तास. तिथली मुलं उत्तम बोलतात, पण सूर धरून बोलणं त्यांना ठाऊक नाही. पूर्वी नाटक कंपनीत दोन्ही एकाच तालमीत व्हायचं. सकाळी बुवा गळा घ्यायचे, दुपारी लेखक किंवा तालीम मास्तर संवादांची नक्कल घ्यायचे, आणि रात्री दोन्ही एका जागी उभं राहायचं. त्या कंपन्या पुन्हा उभ्या राहतील असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण ती तालीम एका खोलीत, एका संध्याकाळी होऊ शकते. तिला वाडा लागत नाही, मेकअप लागत नाही, तिकीट लागत नाही.

या सभागृहात गाणं शिकवणारे पुष्कळ जण बसलेत. माझी तुम्हाला विनंती आहे. उद्या एखादी मुलगी नाट्यपद शिकायला आली तर पेटी उघडण्याआधी तिच्या हातात त्या प्रवेशाची नक्कल द्या. तिच्याकडून आधीची पंधरा वाक्यं पाठ करून घ्या, समोरच्या पात्राची वाक्यं तुम्ही बोला. पाचव्या-सहाव्या वाक्याला षड्ज हळूच धरा. आणि तिचं शेवटचं वाक्य त्या षड्जावर येऊन पडत नाही तोवर पद सुरू करू देऊ नका.